श्रीरंग मुद्रणालयातलं कासव

तो दुकानाची पायरी चढून वर आला तेव्हा अंबिका कॉम्प्युटरला शिव्या देत होती. शिव्या म्हणजे तिच्या परीनं हं — 'मेल्या', 'कार्ट्या', फार तर 'तुझं वाटोळं होवो'. पण आवाज चढला होता, ओढणी खुर्चीच्या चाकात अडकली होती आणि समोर गिऱ्हाईक उभं आहे याचा तिला पत्ताच नव्हता.

"पत्रिकेतली नावं द्यायला आलतो," तो म्हणाला. "दिपालीच्या लग्नाची. पण… तुमचं आधी मिटू द्या."

अंबिकानं दचकून वर पाहिलं. उंच, सावळा, हातात धुळीनं माखलेलं हेल्मेट. चेहरा गंभीर होता, पण डोळे हसत होते, आणि ते लपवायचा त्यानं फारसा प्रयत्नही केला नव्हता.

"नवरदेव स्वतःच आलात?" तिनं सावरत विचारलं.

"मी भाऊ. हनुमान." मग जरा थांबून, "नावावरून समजून घ्या… आमचं लग्न एवढ्यात नाय."

अंबिकाला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

सकाळ मोठी वाईट गेली होती. श्रीरंग मुद्रणालय औरंगपुऱ्यातल्या एका बारीक गल्लीत होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि वर गच्ची. अंबिकाच्या आजोबांनी ते काढलं, वडिलांनी, अनंतरावांनी, नावारूपाला आणलं आणि आता अंबिका ते चालवत होती. गावात पत्रिका छापणारे पुष्कळ होते, पण अनंतरावांनी हौसेनं घडवलेले गणपती, कलश, वेलबुट्टीच्या चौकटी आणि ते जुन्या वळणाचं भरदार अक्षर दुसरीकडं कुठं मिळत नसे. अडचण एवढीच होती, की हे सगळं वैभव एका जुनाट सॉफ्टवेअरमध्ये होतं, आणि ते सॉफ्टवेअर फक्त जुन्याच विंडोजवर चालायचं.

यावर तिच्या मामेभावानं, हिमांशूनं, बंगळुरूला नोकरीला जाण्याआधी एक तोडगा काढून दिला होता. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात त्यानं एक खोटा कॉम्प्युटर बसवला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. बाहेर नवं विंडोज, आणि त्यातली एक खिडकी उघडली की आत जुनं विंडोज सुखानं नांदतंय. कितीतरी वर्षं दोघांचं छान जमलं. काल मात्र बाहेरच्यानं परस्पर स्वतःला अपग्रेड करून घेतलं, आणि आज सकाळी आतला काही केल्या उठेना. इकडं लग्नसराईची कामं साचलेली, आणि त्यात सर्वांत वर दिपालीची पत्रिका.

"मी बघू का?" हनुमाननं विचारलं. "शेंद्र्याला एका कंपनीत हेच काम करतो. कॉम्प्युटर बिघडला की माझ्या नावानं बोंब."

अंबिकानं मुकाट्यानं खुर्ची सोडली. सोडताना ओढणी ओढली गेली, ती अडकलेलीच होती. त्यानं खाली वाकून चाक हलक्या हातानं फिरवलं आणि ओढणीचं टोक तिच्या हातात दिलं. बोटाला बोटही लागलं नाही. तरी तिला उगाचच गरम झालं.

"मशीनचं सॉफ्टवेअर जुनं राह्यलंय, मॅडम. नव्या विंडोजला ते ओळखूच येईना."

"मॅडम नका म्हणू."

"मग काय म्हणू?" त्यानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं. "ताई तर म्हणणार नाय."

अंबिकानं चहा टाकायला आत पळ काढला.

चहा घेऊन ती आली तेव्हा आतला कॉम्प्युटर उठला होता. गणपती दिसले, कलश दिसले, आणि तिला रडूच यायला झालं. पण सगळं भलतंच हळू चाललं होतं. 'द' दाबला की थोड्या वेळानं 'द' उमटायचा. खिडकीच्या खालच्या पट्टीत एक बारकं हिरवं कासव येऊन बसलं होतं.

"हे काय?"

"हळू चालायची हीच खूण. नव्या विंडोजनं राखणीला एक पहारेकरी बसवलाय. तुमचा आतला म्हातारा दरेक गोष्टीला त्याची परवानगी मागत बसतो, म्हणून कासव. दोन मिनटांत घालवतो, एक सेटिंग बंद करून…"

"घालवतो? कशाला घालवता?"

मागच्या दारात अनंतराव उभे होते. चष्मा कपाळावर, हाताला शाई. ते पुढं आले, वाकून पडद्याजवळ डोळे नेले आणि हात जोडले. अगदी मनापासून, देवळात गाभाऱ्यासमोरच्या कासवाला जोडतात तसे.

"स्वतःहून आलंय," ते म्हणाले. "लोक दुकानात पितळेचं आणून ठेवतात. आपल्याकडं आपल्या पायानं आलं. हाकलायचं नाही."

"बाबा, ते कॉम्प्युटर हळू झाल्याची खूण आहे!"

"असेना हळू. लग्नाची कामं घाईनं करायची नसतातच."

हनुमाननं अंबिकाकडं पाहिलं, अंबिकानं हनुमानकडं. दोघांनीही हसू गिळलं. नव्या ओळखीत एकत्र हसू गिळण्यासारखं दुसरं घातक काही नाही, पण हे त्या दोघांना तेव्हा माहीत नव्हतं.

मग त्या कासवाच्या चालीनं दिपालीची पत्रिका सुरू झाली. मराठवाड्यातली पत्रिका म्हणजे देवाधर्माचं, वधूवरांचं एका बाजूला, आणि नावांची पलटण दुसऱ्या बाजूला. एक चुलता राहिला तर मांडवात रुसवा ठरलेला. हनुमान नावं सांगत गेला, अंबिका टाइप करत गेली. एक नाव उमटेपर्यंत मधे जो रिकामा वेळ मिळे, त्यात तो त्या माणसाची गोष्ट सांगे.

"केसरबाई. आमची आत्या. लई रागीट, पण मेंढराच्या पिलाला मांडीवर घेऊन झोपवती."

"मेंढरं आहेत तुमची?"

"व्हय. सिल्लोडच्या पुढं गाव आमचं. आबा अजून राखत्यात. मी शिकलो, एमसीए केलं, म्हणून मला कॉम्प्युटरं राखायला लावली. तीबी तशीच. एक बाहेर गेलं की सगळी जात्यात."

अंबिका खळखळून हसली. पडद्यावर 'केसरबाई' अजून अर्धीच उमटली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला हळू चालणाऱ्या कॉम्प्युटरचा राग आला नाही.

पत्रिका छापून झाल्या, तो त्या घेऊन गेला. मग दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी परत आला. म्हणे, "काकांची नजर चुकवून कासव घालवतो. तुमची कामं अडत असतील." अनंतराव कागद आणायला शहागंजला गेले होते. त्यानं सुरक्षेच्या पानावरचं ते सेटिंग बंद केलं आणि बजावलं, "आता पहारा थोडा कमी झालाय, तेवढं ध्यानात ठेवा. या कॉम्प्युटरवर बँकेचं काय करू नका."

कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होऊ लागला, तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!"

आठवड्यातून कधीतरी येणारं नळाचं पाणी. त्याची आरोळी आली की या शहरात लग्न लागत असलं तरी अंतरपाट खाली ठेवतात. अंबिका धावली. मोटार लावली, पाइप निसटला, आणि हनुमान बाह्या सरसावून गच्चीवर गेलासुद्धा. त्यानं पाइप टाकीत धरला, ती खालून ओरडत राहिली, "भरली का?" आणि तो वरून, "नाय अजून." शेवटी तीच वर गेली. टाकी भरून वाहत होती, गच्ची ओली झाली होती, तापलेल्या फरशीचा वास सुटला होता, आणि हा पठ्ठ्या मजेत पाइप धरून उभा.

"भरली की हो! सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वर आला असता का?"

तिनं उत्तर म्हणून ओंजळभर पाणी त्याच्या अंगावर उडवलं. ते उडवताना ती काय करते आहे हे तिला नीट कळत होतं. खाली उतरताना पायऱ्यांवर दोघंही बोलले नाहीत. काही न बोलता उतरणं तिला फार आवडलं.

कासव गेलं होतं, कॉम्प्युटर पळत होता. आणि अनंतरावांचा चेहरा पडला होता.

"घालवलंत ना?" रात्री जेवताना ते म्हणाले. त्या आठवड्यात नेमकं एक ठरलेलं लग्न मोडलं आणि पत्रिकेचं काम परत गेलं. अनंतरावांनी त्याचा ठपका सरळ सेटिंगवर ठेवला. अंबिकानं समजूत घालायचा प्रयत्न केला, पण तिच्या मनात वेगळंच घोळत होतं. कॉम्प्युटर उत्तम चालला होता. म्हणजे हनुमानला यायला आता काही कारणच उरलं नव्हतं.

या घरात बाहेरचा माणूस यायला काम लागत असे. ही काही लिहून ठेवलेली गोष्ट नव्हती, पण गल्लीत सगळ्यांच्या घरी हीच रीत होती. 'सहज आलो' म्हणणारा तरुण मुलगा दुकानाच्या पायरीवर फार तर एकदा शोभतो. दुसऱ्यांदा समोरच्या गच्चीवरून कोणीतरी विचारतंच.

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण रोज दिसायचा. पहारा बंद आहे, चालू करायचा का, असं तो विचारायचा. अंबिका दोन दिवस त्याच्याकडं पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी बाबांचं मन राखण्यासाठी म्हणून — निदान स्वतःला तरी तिनं असंच सांगितलं — तिनं ते बटण दाबलं.

कासव आलं. अनंतरावांनी हात जोडले. अंबिकानं फोन लावला. "अहो… ते परत आलंय."

"असं कसं आलं?" तो पुटपुटला. "येतो. आजच येतो."

तो आला. येताना गुलमंडीवरून गरम इमरती घेऊन आला. कासव गेलं. आठवड्यानं पुन्हा आलं. पुन्हा तो. मुकुंदवाडीच्या त्याच्या खोलीतून औरंगपुऱ्याला यायला संध्याकाळच्या गर्दीत चांगलाच वेळ लागायचा, पण त्यानं एकदाही उद्या येतो म्हटलं नाही. येऊन तो सेटिंग बंद करी आणि मग तासभर बसे. अनंतरावांना शाईबद्दल, जुन्या छपाईबद्दल विचारी, आणि ऐकताना खरोखर ऐकत असे. कधी अनंतराव कागद कापायला आत गेले, की तो हळूच विचारी, "आज निळा ड्रेस… काय विशेष?" आणि ती म्हणे, "कॉम्प्युटरकडं बघा." तो म्हणे, "बघतोय की. स्क्रीनमधे तुम्हीच दिसताय."

एका संध्याकाळी तो गेल्यावर अनंतराव चष्मा पुसत म्हणाले, "पोरगा चांगला आहे."

"हो," अंबिका म्हणाली.

"पण चांगला आहे म्हणून रोज यायला ते कारण होत नाही, अंबिका."

एवढंच बोलून ते आत गेले. आई गेल्यापासून त्यांनी तिला कधी रागावून सांगितलं नव्हतं. ते असं अर्धं बोलत, आणि उरलेलं अंबिका रात्रभर ऐकत राही.

त्यातच हनुमाननं बातमी आणली. कंपनी त्याची पुण्याला बदली करणार होती. पगार वाढणार होता, पुढच्या महिन्यात जायचं होतं.

"मी गेल्यावर तुमचे हाल नकोत," तो म्हणाला. "सगळं काम नव्या सॉफ्टवेअरमधे आणून देतो. गणपती, चौकट्या, काकांचं अक्षर, सगळं. मग आतल्या म्हाताऱ्याची गरज नाय, कासव नाय, कुणाला बोलवायचीबी गरज नाय." हे शेवटचं त्यानं खाली बघून म्हटलं. "करू का?"

नको म्हणावं, असंच चालू राहू दे म्हणावं असं अंबिकाला फार वाटलं. पण तिला तिच्या बटणाची लाज वाटू लागली होती. एका माणसाला शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खोटं सांगून पळवायचं, आणि समोर आला की कॉम्प्युटरकडं बघा म्हणायचं. हे किती दिवस?

"करा," ती म्हणाली. "कायमचं करून टाका."

चार-पाच सुट्ट्या त्या कामात गेल्या. एकेक चौकट बाहेर काढायची, नव्या जागी बसवायची, अनंतरावांना दाखवायची. ते म्हणत, "कलशाची मान आखूड झाली," की पुन्हा पहिल्यापासून. अंबिका शेजारी बसून प्रत्येक अक्षर तपासायची. ते दिवस फार छान गेले आणि फार भराभर गेले. आता हळू चालणारं असं काही उरलंच नव्हतं.

शेवटच्या रविवारी दुपारी काम संपलं. अनंतरावांनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या हातानं 'श्री गणेशाय नमः' लिहिलं, बराच वेळ ते पाहिलं आणि मानेनं पसंती दिली. मग कागद कापायला आत गेले. बाहेर दोघंच.

"चला," हनुमान म्हणाला आणि हेल्मेट उचललं. "आता काय बिघडणार नाय."

"थांबा." अंबिका उभी राहिली. "मला एक सांगायचंय. ते कासव… आपोआप येत नव्हतं. मी आणत होते."

तो हेल्मेटचा पट्टा चाळवत राहिला.

"पहिल्यांदा म्हटलं, बाबांसाठी. ते खोटं होतं. तुम्ही यावं म्हणून आणलं. दर वेळी."

"माहितीय मला."

"काय?"

"विंडोज ते आपल्या मनानं चालू करत नाय. पहिल्याच वेळी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?" तिचे कान लाल झाले होते.

"बोललो असतो तर…" त्यानं हेल्मेट टेबलावर परत ठेवलं. "तर दुसऱ्यांदा आणलं नसतं तुम्ही. अन् मला तर रोज वाटायचं, आज येतोय का फोन, आज येतोय का."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. दोघंही तो जाईपर्यंत थांबले, जणू त्यानं ऐकू नये असं काही होतं.

"तुम्ही पुण्याला जाऊ नका असं मी म्हणणार नाही," अंबिका म्हणाली. "पण मला तुम्ही आवडता. खूप आवडता. आणि तुम्ही काम नसताना या घरात यावं असं मला वाटतं. उघडपणे. त्यासाठी जे करावं लागेल ते मी करीन. तुमच्या घरी यायचं तर उद्या येते, तुमच्या आईआबांना भेटते."

"अंबिका…" हनुमाननं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली आणि तिथंच अडला.

आत कागद कापायच्या यंत्राचा आवाज कधीचा थांबला होता, हे दोघांच्या तेव्हा लक्षात आलं. अनंतराव दारात उभे होते.

"एकटी जाणार म्हणतेस?" त्यांनी अंबिकाला विचारलं.

"हो बाबा." तिनं मान खाली घातली नाही.

अनंतराव हाताची शाई फडक्यानं पुसत राहिले. अंबिकाला वाटलं, आता ते नेहमीसारखं अर्धंच बोलतील आणि आत जातील.

"तसं जायचं नसतं," ते म्हणाले. "मुलीच्या बापानं आधी जायची रीत आहे. मी येतो."

"काका," हनुमान म्हणाला, "आमचं घर धनगराचं. दारात मेंढरं असत्यात. तुम्ही शास्त्र पाळणारी माणसं… तुम्हाला चालंल का, ते आधी—"

"ते मी माझं बघतो. गेल्या काही रात्री त्याचाच विचार करतो आहे." अनंतरावांनी चष्मा खाली घेतला. "मला तुमच्या वडिलांना विचारायचंय. आमच्या पोरीला मेंढरं राखता येत नाहीत, स्वयंपाक बेताचा आहे, आणि कॉम्प्युटर मुद्दाम बिघडवते. त्यांना चालेल का, विचारतो. फोन लावा. येत्या रविवारी घरी आहेत का बघा."

हनुमाननं घाईघाईनं मोबाइल काढला. नंबर लागला. पलीकडून वारा, घंटांचा आवाज आणि एक मोठा, रानातला आवाज आला.

"आबा? रविवारी मेंढरं सोनाजीकाकाकडं सोडा अन् तुम्ही घरी थांबा… नाय, बिघडलं काय नाय. आईला सांगा, घर सारवून ठिव म्हणावं." त्यानं अंबिकाकडं पाहिलं. डोळे भरून आले होते आणि तरी हसत होते. "पाहुणे यायलेत, आबा."

अंबिकानं ओढणीत तोंड लपवलं, पण हसू काही लपलं नाही.